कातुवारच्या वाडीवरचा धूर

आमचा बुरूज कड्याच्या टोकावर होता. रोमच्या सरहद्दीची भिंत तिथे कड्याच्या धारेवरूनच जाते, त्यामुळे उत्तरेला खाली वाकून बघितलं की थेट तळं दिसायचं. तळ्यापलीकडे पाणथळ माळ, आणि माळाच्या टोकाला आडवी पसरलेली टेकाडांची रांग. प्रत्येक बुरुजावर चार माणसं असा नियम आहे. आमच्यातला चौथा वर्षातले सहा महिने पोट धरून किल्ल्यातल्या दवाखान्यात पडलेला असायचा, म्हणून आम्ही तिघेच. आठ दिवस बुरुजावर काढायचे, आठ दिवस किल्ल्यात, की पुन्हा बुरूज.

माझं नाव अंदेकार. आमची पलटण तुंग्री लोकांची, समुद्रापलीकडून आलेली. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे तेव्हा मला पलटणीत अकरावं वर्ष लागलं होतं. दुसरा वात्तो. तो स्वयंपाक करायचा आणि स्वतःच्या स्वयंपाकाला नावंही स्वतःच ठेवायचा. तिसरा सेनेको. त्याचं चोविसावं वर्ष चालू होतं. त्यातली चौदा वर्षं त्यानं याच बुरुजावर काढली होती. जिन्याऐवजी जी शिडी होती तिच्या कुठल्या पायरीवर पाय कसा ठेवायचा हे नव्या माणसाला तोच शिकवायचा.

पंचवीस वर्षं पुरी झाली की माणसाला काशाचा पत्रा मिळतो. त्यावर नाव कोरलेलं असतं. तो मिळाला की तो रोमचा नागरिक, आणि त्याची पोरंबाळंही. सेनेकोची एक मुलगी किल्ल्याबाहेरच्या वस्तीत राहायची. तिच्यासाठी त्याला तो पत्रा हवा होता. स्वतःसाठी त्याला काही हवं असल्याचं मी कधी ऐकलं नाही. फक्त गुडघ्यांना शेकायला उबदार जागा मिळावी, एवढंच तो म्हणायचा.

एनिका उत्तरेकडची. टेकाडांच्या पायथ्याशी तिच्या भावाची वाडी होती. भावाचं नाव कातुवार. ती विधवा होऊन भावाकडे परतली होती आणि त्याच्या मेंढ्या सांभाळायची. दर चार-पाच दिवसांनी ती भिंतीतल्या जवळच्या ठाण्याच्या वेशीतून अलीकडे यायची. पहारेकरी तिची टोपली उलटीपालटी करून बघायचे, मग ती भिंतीच्या कडेकडेनं चालत आमच्या बुरुजापाशी यायची. मेंढीच्या दुधाचं चीज द्यायची आणि मीठ घेऊन जायची. तिची भाषा मला बऱ्यापैकी यायची. सेनेकोला तर आमच्या भाषेपेक्षा ती जास्त यायची.

"म्हाताऱ्या, अजून जिवंत आहेस का?" ती खालून ओरडायची.

"तुझं चीज खाऊनही आहे बघ!" सेनेको वरून ओरडायचा.

"मग उद्यापासून जरा जास्त आंबवते."

वसंत ऋतूत एका सकाळी मी वर शेकोटीची लाकडं रचत होतो. सेनेको कठड्याला टेकून खाली दक्षिणेच्या वाटेकडे बघत होता. एकदम हसून त्यानं हाक मारली, "काय ग एनिका, आज एवढ्या पहाटे?"

मी डोकावलो. वाटेवर वस्तीतली तांबडी गाय चरत होती.

मला हसू आलं. तोही हसेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो उत्तराची वाट बघत होता.

"दादा," मी म्हणालो, "गाय आहे ती."

तो कठड्यावरून मागे झाला. मग म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, अंद्या."

"कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले. आधी नुसतं धुकं वाटायचं. मला वाटलं, खरंच धुकं असेल, इथे काय कमी असतं का? आता एकाचे तीन दिसतात. चंद्र बघ, तीन. एकावर एक चढलेले. तुझी डोकीसुद्धा तीन आहेत, आणि तिन्हींवर केस कमीच."

"वैद्याला दाखवलंस?"

"दाखवलं की तो लिहिणार. त्यानं लिहिलं की नाव कापलं जाणार. पंचवीस पुरी व्हायच्या आत नाव कापलेल्याला पत्रा द्यायचा की नाही, ते किल्लेदाराच्या मनावर. अकरा महिने राहिलेत रे. अकराच."

मी वात्तोला सांगितलं, कारण त्याच्यापासून लपवणं शक्यच नव्हतं. वात्तो म्हणाला, "मग काय, आपल्या दोघांचे मिळून चार डोळे आहेत. तिघांना पुरतील." त्या दिवसापासून आम्ही सेनेकोला वर एकटं सोडायचं नाही असं ठरवलं. त्याची पाळी असली की आमच्यातला एक जण काहीतरी काम काढून वर जायचा. ठाण्याचा हवालदार फेरीला आला की मी हळूच म्हणायचो, "तळ्याकाठी दोन घोडेस्वार, आपलेच." मग सेनेको मोठ्यानं म्हणायचा, "तळ्याकाठी दोन घोडेस्वार, आपलेच!" हवालदार मान डोलवायचा. एकदा तर तो मला म्हणाला, "या म्हाताऱ्याकडून शीक जरा." वात्तोला हसू आवरेना, तो शिडी उतरून निघून गेला.

असे सहा महिने गेले. ते सोपं जात होतं, हे सांगायला हवं. सोपं जातं म्हणून माणूस ढिला पडतो.

पानगळीच्या दिवसांत तिकडचे लोक हिवाळ्यासाठी जनावरं कापतात. ज्यांना चारा पुरणार नाही ती कापायची, मांस खारवायचं, आणि कापायला आलेल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या दिवशी पोटभर जेवू घालायचं. त्या दुपारी वात्तो धान्य आणायला ठाण्यावर गेला होता. सेनेको वर होता आणि मी त्याच्याजवळ बसून खेटराचा तळ शिवत होतो. खालून एनिकाची हाक आली. मीठ आमच्याकडे खालच्या मजल्यावर असायचं.

"जा," सेनेको म्हणाला. "एवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

मी उतरलो. दाराशी एनिका टोपली ठेवून उभी होती. नेहमीपेक्षा खुशीत होती.

"आज मीठ जरा हात सैल सोडून दे," ती म्हणाली. "कातुवारकडे आज कापणी आहे. सात बैल आणि डुकरं. पलीकडच्या खोऱ्यातलेसुद्धा आलेत. वहिनीनं मला हाकललं, म्हणाली, मीठ आण आणि उन्हं आहेत तोवर परत ये."

"आम्हाला नाही बोलावलं ते?"

"ये की. तलवार वेशीवर ठेव आणि ये. मात्तोनावहिनी तुला आतडी धुवायला बसवेल."

मी मीठ काढत होतो, तेवढ्यात वरून इशाऱ्याचं लाल कापड फडकवल्याचा आवाज आला. ओल्या जाड कापडाचा तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. पाठोपाठ ठाण्यावर शिंग वाजलं. त्यांनी कापड पाहिलं होतं.

मी शिडी चढून वर गेलो. सेनेको दोन्ही हातांनी काठी धरून उभा होता.

"तीन," तो म्हणाला. "टेकाडावर तीन धूर. स्पष्ट."

टेकाडांच्या रांगेवर आमची एक टेहळणीची चौकी होती. तिथून तीन धूर निघाले तर शत्रू जमतोय, असा ठराव होता. मी पाहिलं. धूर एकच होता. तोही चौकीवर नव्हता, तिच्या बराच खाली, पायथ्याला होता. जाड, पांढरा, आळसावलेला. कातुवारच्या वाडीवर डुकराचे केस जाळत असावेत. हे मला त्याच क्षणी कळलं. मागाहून सुचलं असं मी म्हणणार नाही.

ठाण्याचा हवालदार भिंतीवरून पळत येत होता. चढावर त्याला धाप लागली होती. कठड्याला हात टेकून त्यानं विचारलं, "किती?"

"तीन," सेनेको म्हणाला.

हवालदारानं उत्तरेला पाहिलं. तोवर तळ्यावरून धुकं वर चढलं होतं आणि चौकीसकट टेकाडं दिसेनाशी झाली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू पाहिलंस?"

मी म्हणालो, "हो. तीन."

त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. एक म्हटलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, म्हातारा तीन का म्हणतोय? आणि त्याचं उत्तर एकच होतं. स्वार जातील, बघतील, शिव्या घालत परत येतील. आधी दोनदा तसंच झालं होतं, एकदा दुसऱ्या बुरुजाच्या चुकीनं आणि एकदा गवताच्या वणव्यामुळे. तसंच होईल असं मला वाटलं.

खाली एनिका विचारत होती, "काय झालं? शिंग कशाला?"

"काही नाही," मी वरूनच म्हणालो. "रोजचंच."

हवालदारानं तिला पाहिलं आणि दोन माणसं देऊन ठाण्यावर नेऊन बसवलं. वेस बंद झाली होती. किल्ल्यातून चाळीस स्वार निघाले, त्यांच्यापुरती वेस उघडली आणि पुन्हा बंद झाली.

तिथे काय झालं ते मी दोन्हीकडून ऐकलंय आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाही. स्वार म्हणाले की धुक्यातून उतरलो तर समोर तीस-चाळीस माणसं, सगळ्यांच्या हातात सुरे, अंगावर रक्त, आणि त्यांनी कुत्री सोडली. वाडीवरचे म्हणाले की कुत्री बांधलेलीच होती, एक सुटलं. कुणीतरी कुऱ्हाड फेकली की कुणाच्या हातून पडली, यावरही मतभेद आहेत. सात माणसं मेली. तीन घरं आणि गंजी जळाली. दोन स्वारांना जखमा झाल्या. उरलेले बैल स्वारांनी हाकत आणले.

एनिकाला ते बैल वेशीतून आत येताना दिसले. भावाचे बैल तिला नावानं माहीत होते. तिला वेशीतून बाहेर सोडलं ते दुसऱ्या सकाळी.

किल्ल्यात आठवडाभर गोमांस शिजत होतं. वात्तोनं आमच्या वाट्याचं बुरुजावर आणलं, चुलीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच स्वयंपाकावर काही बोलला नाही. आम्ही खाल्लं. मीही खाल्लं.

तिसऱ्या दिवशी सेनेकोनं मला विचारलं, "अंद्या, किती होते?"

मी खेटरांना चरबी चोळत होतो. ते काम संपवून मी खेटरं बाजूला ठेवली.

"एक," मी म्हणालो.

"चौकीवर?"

"नाही. खाली. कातुवारकडचा."

त्यानं विचारलं, "आणि तू तीन म्हणालास."

"म्हणालो."

तो उठला, झगा घेतला आणि किल्ल्याकडे निघाला. मी मागे गेलो, कारण वाटेत ओहोळ आहे आणि फळीवरून त्याला एकट्याला जाता आलं नसतं. आमच्या तुकडीचा नायक पातेर्नुस कचेरीत होता. तो वाईट माणूस नव्हता. आजारी शिपायाला दवाखान्यात बघायला जाणारा तो एकटाच नायक होता.

सेनेको म्हणाला, "नायक, माझे डोळे गेलेत. मला एकाचे तीन दिसतात. त्या दिवशी एकच धूर होता. वाडीवरच्या जेवणाचा."

पातेर्नुसनं माझ्याकडे पाहिलं. "आणि हा?"

"त्याला विचारू नका," सेनेको म्हणाला. "माझं ऐकून तो तसं बोलला."

पातेर्नुस उठला, दार लावून परत बसला. "किल्लेदारांचं पत्र काल प्रांताच्या सुभेदाराकडे गेलं," तो म्हणाला. "त्यात लिहिलंय, शत्रूचा जमाव वेळेत दिसला आणि उधळला गेला. दोन स्वारांना मानाची कडी मिळतील. आता मी किल्लेदारांकडे जाऊन काय सांगू? की डुकराचे केस जळत होते?"

"जे झालं ते सांगा."

"सेनेको, ही किती बोटं आहेत?"

त्यानं हात वर केला होता की नाही, हे सेनेकोला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. पातेर्नुसचे दोन्ही हात मेजावर पालथे होते.

"दिसत नाहीत," सेनेको म्हणाला.

"चार," पातेर्नुस म्हणाला. "बरोबर ओळखलंस. तुझे डोळे ठीक आहेत. पाच महिने ठीक राहतील. जा आता."

आम्ही ओहोळापर्यंत आलो. फळीवर त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

त्या हिवाळ्यात वेशीतून फारसं कुणी आलं नाही. बर्फ पडलं, वितळलं, पुन्हा पडलं. सेनेको आपल्या पाळीला वर जायचा आणि कठड्याला पाठ लावून बसायचा. वात्तो त्याच्याशी बोलायचा प्रयत्न करायचा, हळूहळू त्यानंही सोडलं.

मेंढ्या विण्याच्या थोडं आधी एनिका आली. वेशीतून आली नाही. उत्तरेच्या बाजूनं, कड्याखालच्या दगडांतून चढून ती भिंतीच्या तळाशी उभी राहिली. तिथे दार नाही, वाटही नाही. दुपारची वेळ होती. आम्ही तिघेही वर होतो. ती वाळली होती आणि अंगावरचा झगा पुरुषाचा होता.

"वर कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी," सेनेको म्हणाला. "आणि अंदेकार आणि वात्तो."

"त्या दिवशी कुणी पाहिलं? जमाव म्हणून कुणी पाहिलं?"

"मी," सेनेको म्हणाला.

"म्हाताऱ्या, माझ्यावर आळ आलाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, खालून वर पोचावा एवढाच होता. "ते म्हणतात, त्या दिवशी तू नेमकी भिंतीकडे का गेलीस? तूच सांगितलंस की लोक जमलेत. मीठ घ्यायला गेले म्हटलं तर वहिनी म्हणते, मीठ घेतलंस आणि बदल्यात आम्हाला दिलंस. मला मेंढ्यांना हात लावू देत नाहीत. पिल्लं जन्मायच्या आत मला घालवणार आहेत. कुठे जाऊ? अलीकडे येऊ? तुमच्या वस्तीत येऊन तुमची धुणी धुऊ?"

सेनेको म्हणाला, "तू काहीच सांगितलं नाहीस."

"मला माहीत आहे रे ते! मला काय सांगतोस? त्यांना सांग."

परवानगीवाचून वेशीबाहेर गेलेला शिपाई म्हणजे पळालेला शिपाई. सेनेकोचे चाळीस दिवस उरले होते. माझी चौदा वर्षं. वात्तो दबक्या आवाजात मला म्हणाला, "सहा आठवड्यांनी पत्रा हातात पडला की मग जाईल म्हणावं." एनिकाला ते ऐकू गेलं नसावं.

सेनेकोनं विचारलं, "अंद्या, मला नेशील का?"

मी हो म्हणालो.

हवालदाराला आम्ही सांगितलं की तुकडीला खेटरांसाठी कातडी हवीत आणि पलीकडे स्वस्त मिळतात. ते खरंही होतं. त्यानं संध्याकाळपर्यंतची परवानगी दिली, तलवारी ठेवून घेतल्या आणि म्हणाला, "म्हाताऱ्याला कशाला नेतोस?" मी म्हणालो, "त्याला भाषा येते." दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. वाट पाणथळीतून होती. गेल्या वर्षीचा नेचा काळा पडून आडवा झाला होता. सेनेको माझा पट्टा धरून चालत होता. वेशीबाहेर थांबलेली एनिका पुढे होती, एकदाही तिनं मागे पाहिलं नाही.

वाडीवर एकच घर नव्यानं शाकारलं होतं. बाकीच्या दोन गोल घरांचे नुसते जळके पाये राहिले होते. एनिकानं हाक दिली तशी माणसं बाहेर आली. बायकाच जास्त. पुरुष दोन म्हातारे आणि एक लंगडा. मात्तोना पुढे आली. कातुवारची बायको. तिच्या गळ्यावर भाजल्याची खूण होती.

सेनेको तिच्या भाषेत बोलला. आडवळण न घेता सगळं सांगितलं. डोळे कधीपासून गेले, त्या दिवशी काय दिसलं, कापड कुणी फडकवलं. "ही त्या वेळी खाली मीठ घेत होती," तो म्हणाला. "हिनं काही सांगितलं नाही. सांगायला काही नव्हतंच."

म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, "आंधळ्याला कुणी बुरुजावर ठेवतं का? हे त्यांनी शिकवून पाठवलंय."

मात्तोनानं त्याला गप्प केलं. तिनं बाकीच्यांना खुणेनं मागे सारलं. तिच्या शेजारी फक्त तो म्हातारा उरला. "किती जण उभे आहेत तुझ्यासमोर?" तिनं विचारलं.

सेनेकोनं मान पुढे केली, डोळे बारीक केले, खूप प्रयत्न केला. "सहा," तो म्हणाला. "पाच किंवा सहा."

कुणी हसलं नाही. मात्तोना पुढे आली आणि त्याच्या हनुवटीला धरून तिनं त्याचे डोळे उजेडाकडे वळवले. बुबुळांवर दुधासारखी साय होती. जवळून बघणाऱ्याला ती कधीच दिसली असती, पण किल्ल्यात कुणी इतक्या जवळून बघत नसे.

मग ती माझ्याकडे वळली. "तुझे डोळे बरे दिसतात."

"बरे आहेत."

"तू कुठे होतास?"

सेनेको म्हणाला, "तो खाली होता."

"मी वर आलो," मी म्हणालो. "धूर एकच होता. वाडीवरचा आहे हे मला माहीत होतं, कारण हिनं नुकतंच मला सांगितलं होतं की आज कापणी आहे. हवालदारानं विचारलं तेव्हा मी तीन म्हणालो."

एनिका माझ्याकडे बघत होती. हे तिला माहीत नव्हतं. तिला वाटत होतं की दोष म्हाताऱ्याच्या डोळ्यांचा आहे, आणि डोळ्यांवर कुणाला रागावता येत नाही.

"का?" मात्तोनानं विचारलं.

"त्याचे पाच महिने राहिले होते," मी म्हणालो.

लंगडा माणूस माझ्या दिशेनं आला. त्याच्या हातात दाव्याचा खुंटा होता. मी हललो नाही. त्यात शौर्य नव्हतं, पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतले होते. मात्तोनानं आडवा हात घातला. "याला मारलंस तर ते परत येतील," ती त्याला म्हणाली. "आता जाळायला एकच घर उरलंय." त्यानं खुंटा खाली टाकला.

मग तिनं मला मेलेल्यांची नावं म्हणायला लावली. ती एक नाव घ्यायची, मी मागून म्हणायचो. उच्चार चुकला की पुन्हा. कातुवार. त्याचा धाकटा भाऊ लोवेर्नो. दोक्का, जी सगळ्यांत म्हातारी होती आणि आतडी धुवत बसली होती. पलीकडच्या खोऱ्यातले तिघे, त्यांच्या नावांचा उच्चार मला सगळ्यांत अवघड गेला. शेवटचा सेनोवार, तो स्वतःचा बैल घेऊन आला होता, कारण त्याच्याकडे चांगला सुरा नव्हता. सातवं नाव नीट आल्यावर ती म्हणाली, "जा."

"आणि ही?" सेनेकोनं विचारलं.

मात्तोना एनिकाकडे वळली. "मेंढ्या वरच्या कुरणात आहेत," ती म्हणाली. "त्यातली काळ्या तोंडाची आजउद्या विणार. तिच्याकडे लक्ष ठेव." एवढंच. एनिका लगेच वळून टेकाडाकडे चालू लागली. आमचा निरोप तिनं घेतला नाही.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. सेनेकोनं विचारलं, "घरं किती जळली होती?"

"दोन पुरती गेलीत. तिसरं शाकारलंय."

"गोठा?"

"नाही राहिला."

थोडं चालून झाल्यावर तो म्हणाला, "तू ते सांगायला नको होतंस. माझ्या एकट्यावर भागलं असतं."

"भागलं असतं," मी म्हणालो.

वेशीवर हवालदारानं विचारलं, "कातडी कुठायत?" मी म्हणालो, आम्हाला कुणी विकायला तयार नाही. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

सेनेकोला वसंतात पत्रा मिळाला. किल्लेदारानं सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. त्यानं अंगठ्यानं अक्षरं चाचपून पाहिली आणि मुलीला दिला. तो वस्तीत मुलीकडे राहिला. पुढचा हिवाळा काढला, त्यानंतरचा नाही. मी आणि वात्तोनं त्याला दक्षिणेच्या रस्त्याकडेला पुरलं. एनिकाला मी निरोप पाठवला होता. ती आली नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

वाडीवर ती राहिली. मेंढ्या तिच्याकडेच होत्या, हे मला पुढे वेशीवरच्या पहारेकऱ्यांकडून कळलं. मात्तोना तिच्याशी कामापुरतं बोलायची, त्यापलीकडे नाही.

मला त्या उन्हाळ्यात बढती मिळाली. नजर चांगली म्हणून पातेर्नुसनं शिफारस केली होती. बुरुजाचा म्होरक्या म्हणून मी आणखी नऊ वर्षं तिथे काढली. त्या काळात कापड किती वेळा फडकलं आणि किती वेळा नाही, हे मला आठवत नाही. नंतर वरून हुकूम आला की कड्यावरच्या बुरुजांची गरज नाही, उगाच माणसं अडकून पडतात. आमच्याच तुकडीला तो पाडायला लावला. वरचा मजला उतरवायला आम्हाला चार दिवस लागले. दगड चांगले होते, ते ठाण्याच्या डागडुजीला नेले. दाराची जागा दगड-चुन्यानं बंद केली आणि भिंत सरळ करून टाकली. आता तिथून जाणाऱ्या माणसाला तिथे काही होतं हे सांगावं लागतं.